रूममेट बिल न भरता गेला: पैसे मागायचे कोणाकडे, कसे, आणि कधीपर्यंत

जून-जुलै आला की इंदूरमध्ये दोन गोष्टी एकदमच होतात, उन्हाळ्याचं बिजलीचं बिल येऊन पडतं आणि कोचिंगच्या बॅचा संपून पोरं रूम बदलतात, आणि मग भंवरकुआँपासून विजयनगरपर्यंत प्रत्येक तिसऱ्या फ्लॅटमध्ये तोच प्रश्न, "अरे तो तर गेला, त्याचा हिस्सा राहिला, आता काय करू, पोलिस थान्यात जाऊ का?" नोकरीवाल्यांचंही तेच, फक्त त्यांच्याकडे रक्कम जरा मोठी असते आणि वायफायसोबत फ्लॅटचा मेंटेनन्स, टँकरचं पाणी असं बरंच काही जोडलेलं असतं.

थोडक्यात उत्तर आधीच देऊन टाकतो. थान्यात जाऊन बहुतेक वेळा काही होत नाही. तरीही तो पैसा कायद्यानं तुमचाच आहे, आपसात काही लिहिलेलं नसलं तरी. आणि तो मिळणं न मिळणं हे कोर्टापेक्षा जास्त यावर ठरतं की तो फ्लॅटमध्ये असतानाच तुम्ही त्याच्याकडून "हो, माझ्याकडे इतके निघतात" हे लिहून घेतलं होतं की नाही. बाकी सगळं आता सावकाश बघू.

समजा फ्लॅटमध्ये तिघं होते, तुम्ही, दुसरा आणि तिसरा. गेला तो तिसरा. (नाव मुद्दाम देत नाही, वाचणाऱ्याच्या डोक्यात एक नाव असतंच.)

एका बिलात दोन उधाऱ्या असतात

गडबड सुरू होते ती इथूनच. बिजलीचं बिल म्हणजे एक उधारी असं आपण धरतो, पण असतात दोन. एक बाहेरची, म्हणजे बिजली कंपनीची, मकान मालकाची, वायफायवाल्याची. दुसरी आतली, म्हणजे तुम्हा तिघांची आपसातली. बाहेरच्या माणसाला आतल्या हिशोबाशी काहीही देणंघेणं नसतं.

छप्पन दुकानवर तिघांनी पोहे-जलेबी खाल्ली आणि एक जण फोन आल्याचं सोंग करून सटकला, तर दुकानदार काय म्हणतो? तो म्हणतो भिया, प्लेटा तीन झाल्या, पैसे तीनचे द्या. कोण सटकला ते तुमचं तुम्ही बघा. आणि खातं एकाच्याच नावावर चालत असेल तर तो त्याच एकाला धरणार, बाकीचे दोघं त्याच्या वहीत नाहीतच. फ्लॅटचं अगदी असंच आहे. किरायानाम्यावर तिघांची नावं असतील तर मालक पूर्ण किराया कोणाही एकाकडे मागू शकतो, एकट्याचंच नाव असेल तर फक्त त्या एकाकडे. बिजलीचं कनेक्शन तर बहुतेक मालकाच्याच नावावर असतं, तेव्हा पोलो ग्राउंडवाल्या बिजली कंपनीसाठी तुम्ही तिघंही अस्तित्वातच नाही, तिला फक्त मीटर दिसतं.

म्हणून बाहेरची उधारी आधी फेडायची, "तिसऱ्यानं हिस्सा दिला की मग भरू" हा हट्ट करू नका. विद्युत अधिनियम २००३ च्या कलम ५६ प्रमाणे बिल थकलं तर कंपनी पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस देऊन लाइन कापू शकते, आणि लाइन कापली की अंधारात तुम्ही बसणार, तिसरा नाही. किराया थकला तर आणखी वाईट, मध्य प्रदेश स्थान नियंत्रण अधिनियम १९६१ मध्ये मागणीची नोटीस मिळाल्यापासून दोन महिन्यांत थकबाकी दिली नाही तर ते घर खाली करवण्याचं कारण होऊ शकतं. स्वयंपाकाच्या मावशींचे पैसे तर अशा भांडणात एक दिवसही अडकवायचे नाहीत, हे कायद्याचं नाही, माझं मत आहे.

भरलं की पावती ठेवायची. त्या क्षणापासून आतली उधारी सुरू होते.

दीडशे वर्षं जुना कायदा आणि तीन हजार रुपये

आपल्याकडे करारांचा मुख्य कायदा आहे भारतीय करार अधिनियम, १८७२. त्यात कलम ४३ आहे आणि त्याखाली जी उदाहरणं दिलीयत ती वाचून वाटतं की लिहिणाऱ्याला रूममेट भेटले असावेत. तिघांनी मिळून चौथ्याला ३,००० रुपये द्यायचं कबूल केलं. चौथा पूर्ण रक्कम कोणाही एकाकडून वसूल करू शकतो. ज्यानं भरली तो बाकीच्या दोघांकडून त्यांचा त्यांचा हिस्सा मागू शकतो. इथपर्यंत सगळ्यांना अंदाजानं माहीत असतं.

पुढचं मात्र फार कमी लोकांना माहीत असतं आणि तेच सगळ्यात कामाचं आहे. त्या तिघांपैकी एकाकडून काहीच मिळण्यासारखं नसेल आणि एकाला पूर्ण ३,००० भरावे लागले, तर तो उरलेल्या दुसऱ्याकडून १,००० नाही, १,५०० मागू शकतो. म्हणजे पळालेल्याचा खड्डा उरलेल्यांनी सारखा वाटून घ्यायचा. आपल्याकडे होतं काय, ज्यानं आपल्या फोनवरून बिल भरलं तोच पूर्ण नुकसान सोसतो आणि दुसरा निवांतपणे म्हणतो, "मी तर माझा हिस्सा दिला यार." कायद्याची रीत तशी नाही. हे कलम सरळ लागू होतं ते तिघांनी मिळून वचन दिलेलं असेल तेव्हा, म्हणजे किरायानाम्यावर तिघांच्या सह्या असतील तर, पण नाव एकाचंच असलं तरी दुसऱ्याशी बोलताना हा हिशोब समोर ठेवायला हरकत नाही. खरं तर तिसऱ्याच्या मागे लागण्याआधी दुसऱ्याशी हे बोलून घ्या, दोघांनी मिळून मागितलं तर तिसऱ्याला टाळायला जड जातं.

"पण आम्ही काही लिहिलंच नव्हतं"

लिहायची गरज नसते, तोंडी करारही करारच असतो. आणि तोंडानंही स्पष्ट बोलणं झालं नसेल तरी वागण्यातून ठरलेली गोष्ट कायदा मानतो, त्याच १८७२ च्या कायद्यात कलम ९ त्यासाठी आहे. तिसऱ्यानं ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत दर महिन्याला बिलाचा एक-तृतीयांश तुम्हाला यूपीआयनं पाठवला असेल, तर "आपलं असं काही ठरलंच नव्हतं" हे तो एप्रिलमध्ये कुठल्या तोंडानं म्हणणार? ती सहा पेमेंट्स हाच तुमचा करार समजा.

अजून एक कलम आहे, ७०. एखाद्यानं दुसऱ्यासाठी काही केलं, फुकटात करायचा इरादा नव्हता, आणि दुसऱ्यानं त्याचा फायदा घेतला, तर फायदा घेणाऱ्यानं भरपाई द्यायची. पंखा, गीझर, वायफाय, टँकरचं पाणी, तिसऱ्यानं सगळं वापरलंच आहे. यातला "फुकटात नव्हता" हा भाग मात्र नीट लक्षात ठेवा. "असू दे, पुढच्या महिन्यात दे" म्हणालात तर ती फक्त मुदत दिली असं होतं, पैसे सोडले असं नाही. "जाऊ दे यार, सोड, मित्र आहेस" असं मेसेजमध्ये लिहून बसलात तर उद्या तोच स्क्रीनशॉट तुमच्यासमोर येईल. भिडेपोटी असलं काही टाइप करू नका, गप्प बसलेलं बरं.

हिस्सा किती? एसीचं भांडण

हे प्रकरण जरा लांब आहे कारण खरी भांडणं इथेच होतात. तिसरा म्हणतो मी देणार नाही असं नाही, पण मी महिन्यातले दहा दिवस खंडव्याला होतो. तुम्ही म्हणता एसी तुझ्या खोलीत होता. दुसरा म्हणतो मी तर दिवसभर ऑफिसात असतो.

कायद्याचं उत्तर रुक्ष आहे. जे ठरलं होतं ते, आणि काही वेगळं ठरलं नसेल तर सारखा हिस्सा. दहा दिवस नव्हतो म्हणून दहा दिवसांचे कमी, हे आधी ठरलेलं असेल तरच चालतं, बिल आल्यावर सुचलेला नियम चालत नाही.

पण एसीचं गणित बिजलीच्या बिलात सरळ नसतं हे समजून घ्या, कारण आपल्या मध्य प्रदेशात दर टप्प्यांनी वाढतो, त्याला स्लॅब म्हणतात. पहिले ५० युनिट एका दरानं, मग १५० पर्यंत दुसऱ्या, मग ३०० पर्यंत तिसऱ्या, त्यावर आणखी वेगळा. शिवाय अटल गृह ज्योती योजनेत महिन्याचा वापर १५० युनिटच्या आत असेल तर पहिल्या १०० युनिटांचे फक्त १०० रुपये लागतात, आणि १५० च्या वर गेलात की त्या महिन्याची ती सवलत गेली. आता बघा, एसी नसताना तुमच्या फ्लॅटचा वापर १४० युनिट होता, तिसऱ्यानं त्याच्या खोलीत एसी लावला आणि तो ३२० वर गेला. एसीनं १८० युनिट जास्त खाल्ले हे तर झालंच, पण त्यामुळे आधीच्या १४० वरची सवलतही उडाली आणि वरचे युनिट महाग टप्प्यात गेले. मग तिसरा जेव्हा म्हणतो "एसीचे युनिट १८०, एकूण ३२०, म्हणजे माझे इतके टक्के", तेव्हा तो सवलत बुडाल्याचं नुकसान गुपचूप तुमच्यावर टाकत असतो. माझ्या मते न्याय्य हिशोब असा की एसीशिवाय बिल किती आलं असतं ते काढायचं, ते तिघांत सारखं वाटायचं, आणि त्यावरचं सगळं एसीवाल्याचं. मागच्या महिन्यांची बिलं काढली की एसीशिवायचा आकडा साधारण कळतो. पण हेसुद्धा एसी भिंतीवर बसण्याआधी बोलायचं असतं, नंतर नाही.

मालकानं सबमीटर लावून युनिटचा आपलाच एक दर ठरवला असेल तर हे सवलतीचं सगळं गणित तुमच्यापर्यंत येतच नाही, तिथे सरळ युनिट मोजा आणि वाटा. दर एक तारखेला मीटरचा फोटो ग्रुपवर टाकायची सवय असेल तर निम्मी भांडणं तिथेच मरतात.

वायफायचं वेगळं दुखणं असतं. वर्षभराचा प्लॅन एकदम घेतला, तुमच्या नावावर, तिसरा पाचव्या महिन्यात गेला. पाच महिन्यांचा त्याचा हिस्सा पक्का. उरलेल्या सात महिन्यांचं मात्र तो वर्षभराच्या खर्चाला हो म्हणाला होता का यावर ठरेल, आणि त्याच्या जागी नवा माणूस येऊन हिस्सा देत असेल तर जुन्याकडून तेच पैसे पुन्हा मागणं मलाही पटत नाही.

पुरावा म्हणजे नेमकं काय

बिल, ते भरल्याची पावती, आणि तिसऱ्याचा कबुलीचा मेसेज, बस. बाकी सगळं वरचं आहे. कबुली मिळवण्यासाठी मेसेज कसा असावा तर असा:

"भाऊ, मे चं बिजली बिल ४,२६० आलं, तिघांचे १,४२०-१,४२०. मी आज भरलं, पावती खाली आहे. तुझे १,४२० आणि मागच्या महिन्याच्या वायफायचे ३००, एकूण १,७२०. दहा तारखेपर्यंत टाक. आकड्यात काही चूक वाटत असेल तर आत्ताच सांग."

यात शिवी नाही, टोमणा नाही, रक्कम आहे, कशाची ते आहे, तारीख आहे आणि शेवटचं वाक्य आहे. त्या शेवटच्या वाक्यावर "हो देतो, पगार झाला की" असं उत्तर आलं की तुमचं निम्मं काम झालं. आपण उलट करतो, महिनाभर काही बोलत नाही, मग एकदा रात्री अकरा वाजता पाच मिनिटांचा रागाचा व्हॉइस नोट पाठवतो ज्यात रक्कमच नसते.

पूर्वी यूपीआयवर मित्राला पैसे मागायची रिक्वेस्ट पाठवता यायची, ती सोय यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयनं फसवणुकीमुळे १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद केली, म्हणजे आता मेसेज आणि क्यूआर हाच रस्ता. तिसरा पैसे पाठवेल तेव्हा नोटमध्ये "मे बिजली" असं लिहायला सांगा, नाहीतर नंतर तो म्हणेल ते पैसे तर पिझ्झ्याचे होते.

चॅटचे स्क्रीनशॉट चालतात का? जुन्या पुरावा कायद्याच्या जागी १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम आलाय, त्याच्या कलम ६३ मध्ये इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत एक ठराविक प्रमाणपत्र लागतं, त्यावर तुमची आणि एका तज्ज्ञाची सही लागते, कागद वकील तयार करून देतो. तुमच्याकडून आत्ता इतकंच हवं की मूळ चॅट फोनमध्ये शाबूत ठेवा. आपोआप मिटणारे मेसेज बंद करा, फोन बदलताना बॅकअप घ्या, आणि रागात त्याला ब्लॉक करून चॅट उडवू नका. नुसता कापलेला स्क्रीनशॉट समोरचा "हा मी नाहीच" म्हणून झटकू शकतो.

थान्यात गेलो तर?

जाऊ शकता, पण तिथे बहुतेक हेच सांगतील की हा लेनदेनचा मामला आहे, कोर्टात जा. आणि ते टाळाटाळच करतात असं नाही, कायदाच तसा आहे. फसवणुकीच्या गुन्ह्यासाठी (आता भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८, आधीचं ४२०) सुरुवातीपासूनच बुडवायचा इरादा होता हे दिसावं लागतं. सहा महिने हिस्सा दिला आणि सातव्या महिन्यापासून दिला नाही, यात तो इरादा दिसत नाही, दिसते फक्त उधारी.

तुम्हाला पैसे पाठवल्याचा बनावट स्क्रीनशॉट दाखवला, खोट्या नावानं आणि खोट्या आधारवर राहत होता, तुमच्या फोनवरून न विचारता पैसे काढले, असं काही असेल तर गोष्ट वेगळी, ते थान्याचंच काम आहे आणि तिथे नक्की जा.

ग्राहक आयोगातही हे चालत नाही. रूममेट तुम्हाला सेवा विकत नव्हता, तुम्ही दोघं मिळून राहत होता.

"त्याचा कूलर आमच्याकडेच आहे, ठेवून घेऊ?"

हा सगळ्यांचा आवडता उपाय आणि हाच सगळ्यात जास्त अंगाशी येतो. दुसऱ्याची वस्तू त्याच्या ताब्यातून काढून "पैसे दे मग देतो" म्हणणं चोरीत मोडू शकतं, चोरीच्या कलमाखालच्या उदाहरणांतच असा माणूस आहे जो वस्तू परत करायचे पैसे मिळेपर्यंत ती दाबून ठेवायच्या इराद्यानं उचलतो. मार्कशीट दाबून ठेवणं, खोलीला आपलं कुलूप लावणं, कॉलेजच्या ग्रुपवर फोटोसकट "हा चोर आहे" टाकणं, यातलं काहीही केलंत की आत्तापर्यंत बरोबर असलेले तुम्ही एका मिनिटात चुकीच्या बाजूला जाता, आणि मग १,७२० रुपयांसाठी थान्यात तुम्हालाच बोलावणं येतं. तो स्वतः मागे टाकून गेलाय तो कूलर नीट ठेवा, फोटो काढा, घेऊन जा म्हणून मेसेज करा. तो स्वतःहून "कूलर ठेवा, हिशोब मिटला" असं लिहून देत असेल तर मात्र खुशाल ठेवा.

हक्काचा उपाय वेगळाच आहे, डिपॉझिट. आपल्याकडे पद्धत अशी की जाणाऱ्याचा डिपॉझिटचा हिस्सा मालक परत देत नाही, नवा येणारा देतो, आणि ते पैसे बऱ्याचदा तुमच्या हातातून जातात. तुमच्या हातात काही जोर असतो तो याच आठवड्यात. "डिपॉझिटचे तुझे ६,०००, त्यातून बाकी १,७२० वजा, ४,२८० पाठवतोय, ठीक?" त्यानं "ठीक" लिहिलं की मिटलं. "ठीक नाही" म्हणाला तरी कोणत्या आकड्यावर वाद आहे ते तरी कळतं. शेवटच्या महिन्याचं बिजलीचं बिल अजून यायचं असतं हे विसरू नका, जायच्या दिवशी मीटरचं रीडिंग घ्या आणि अंदाजे रक्कम बाजूला ठेवा.

घरी फोन करावा का

मराठी घरातली पोरं असली की हा मार्ग हटकून निघतो, राजेंद्रनगरच्या काकांना कोणीतरी ओळखतंच. तर कायद्यानं, तिसरा १८ वर्षांचा झालेला असेल तर त्याच्या वडिलांची काही जबाबदारी नाही. एकदा "काका नमस्कार, त्याचा फोन लागत नाहीये, इतका हिशोब राहिलाय, त्याला जरा सांगाल का" असा फोन करण्यात गैर काही नाही, आणि खरं सांगायचं तर निम्मी प्रकरणं याच फोनवर मिटतात. रोज फोन करणं, आईला घाबरवणं, हे नको.

तिसरा १७ वर्षांचा असेल, आणि नीट-जेईईच्या कोचिंगला अशी बरीच पोरं असतात, तर अडचण खरी आहे. अल्पवयीनाचा करार कायद्यात उभाच राहत नाही, हे प्रिव्ही कौन्सिलनं (इंग्रजांच्या काळातलं सगळ्यात वरचं अपील कोर्ट) १९०३ मध्येच सांगून ठेवलंय. कलम ६८ मध्ये त्याला पुरवलेल्या जीवनावश्यक गोष्टींची भरपाई त्याच्या मालमत्तेतून घेता येते, पण कोचिंगच्या पोराची मालमत्ता ती काय, एक सायकल आणि दोन टेस्ट सिरीज. तिथे काकांशी बोलणं हाच एक उपाय. म्हणून अशा पोराला फ्लॅटमध्ये घेताना किरायानाम्यावर आणि हिशोबाच्या मेसेजवर पालकाला आधीच घ्या.

नोटीस, लोक अदालत, आणि मग कोर्ट

मेसेज झाले, फोन झाला, तरी काही नाही. मग लेखी नोटीस. ती वकिलानंच द्यावी असा नियम नाही, वकिलाच्या लेटरहेडचा धाक जास्त असतो इतकंच. कोणत्या महिन्याचं कोणतं बिल, तुम्ही कधी भरलं, त्याचा हिस्सा किती, १५ दिवसांत द्या, नाहीतर पुढची कारवाई करू. व्याज मागायचं असेल तर नोटीसमध्येच तसं लिहा, कारण आधी व्याज ठरलेलं नसेल तर व्याज अधिनियम १९७८ प्रमाणे ते अशा लेखी मागणीपासून मिळू शकतं. त्याच्या कायमच्या पत्त्यावर स्पीड पोस्टनं, पोचपावतीसकट पाठवा, पत्ता पोलिस व्हेरिफिकेशनच्या फॉर्मवर किंवा किरायानाम्यावर मिळेल. पाकीट "घेण्यास नकार" म्हणून परत आलं तर ते न फोडता तसंच ठेवा, नकार म्हणजे मिळाल्यासारखंच कोर्ट सहसा धरतं.

यानंतर थेट दावा न लावता जिल्हा विधिक सेवा प्राधिकरणात जा, जिल्हा न्यायालयातच त्यांचं ऑफिस असतं, हेल्पलाइन १५१००. तिथे केस लावायच्या आधीच, म्हणजे प्री-लिटिगेशन, लोक अदालतीसाठी अर्ज देता येतो. ते समोरच्याला बोलावतात, बसवून समेट करायचा प्रयत्न करतात. तो आला नाही किंवा मानला नाही तर जबरदस्ती होत नाही, हा त्यातला कमकुवत भाग. पण समेट झाला तर तो दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्याइतका पक्का, त्यावर अपीलही नाही. आणि सरकारी कागदावर बोलावणं आल्यावर बरेच तिसरे आपोआप यूपीआय उघडतात.

समेटात हप्ते ठरले तर पुढच्या तारखांचे चेक घ्या. चेक बाउन्स झाला तर चेकच्या कायद्याचं (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट, १८८१) कलम १३८ लागतं, बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस, त्याला पैसे द्यायला १५ दिवस, तरी नाही दिले तर पुढच्या एका महिन्यात तक्रार. या तारखा चुकल्या तर अडचण होते, तेव्हा कॅलेंडरवर लिहूनच ठेवा.

शेवटी कोर्ट, व्यवहार न्यायाधीश कनिष्ठ खंड. तिसरा बंगळुरूला गेला असला तरी दावा इंदुरात लावता येतो, कारण उधारी इथे झाली. पण खरं सांगू, पाच-सात हजारांसाठी मी दावा लावणार नाही. कोर्ट फी, वकील, तारखा, आणि जिंकल्यावर वसुलीची वेगळी धावपळ. चाळीस-पन्नास हजार असतील, तीन महिन्यांचा किराया वगैरे मिळून, तर नक्की लावा. २५ हजारांपर्यंतच्या पैशाच्या दाव्यात दुसरं अपील नसतं, तेव्हा छोटं प्रकरण निदान अनंतकाळ वर वर जात नाही.

किती दिवस थांबता येतं

तीन वर्षं. तुम्ही त्याच्या वतीनं पैसे भरले त्या तारखेपासून, आणि प्रत्येक बिलाची तारीख वेगळी. ५ मे २०२४ ला भरलेल्या बिलासाठी ५ मे २०२७ पर्यंत, जूनच्या बिलासाठी जून. तो घर सोडून गेला त्या दिवसापासून मोजू नका, ही चूक फार होते. मुदत संपण्याआधी त्यानं सही करून लेखी कबुली दिली तर तीन वर्षं नव्यानं सुरू होतात, म्हणून "देतो देतो" म्हणणाऱ्याकडून एक सही केलेला साधा कागद घ्यायला लाजू नका.

आणि ज्याच्याकडे मागतायत तो आपणच असलो तर

हेही होतं. तुम्ही फ्लॅट सोडलात आणि मागून मेसेज येतोय की तुझे ३,८०० निघतात, आणि तुम्हाला ते पटत नाहीयेत. तर गायब होऊ नका, गप्प राहिलात तर समोरच्याचाच आकडा मान्य असल्यासारखं दिसतं. मूळ बिल मागा, तो तुमचा हक्क आहे, नुसता "टोटल इतके" हा हिशोब नसतो. त्यातलं जेवढं मान्य आहे तेवढं लगेच द्या, आणि सोबत लिहा की "मे चे १,४२० पाठवले, जूनमध्ये मी ४ तारखेला निघालो, तेव्हाचं रीडिंग हे, जूनचा पूर्ण हिस्सा मला मान्य नाही." असं न लिहिता नुसते पैसे टाकलेत तर ते एकूण रकमेतले हप्ते धरले जाऊ शकतात, आणि हप्ता दिल्याची तुमच्या सहीची किंवा हस्ताक्षरातली नोंद असेल तर वरची तीन वर्षांची मुदतही तिथून पुन्हा सुरू होते. हिशोब मिटला की समोरच्याकडून "तुझ्याकडे आता काही बाकी नाही" एवढा मेसेज घ्या आणि तो चॅट उडवू नका.